गोळी बाधते की गोळीतली भर?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी काही चुकीचं समजले असेन तर तुम्हाला लगेच कळेल. वय ४१. आठ वर्षांपासून थायरॉइडची गोळी चालू, तिचा कधी त्रास नाही. रक्ततपासणीत ड जीवनसत्त्व आणि बी-१२ कमी निघालं. आठवड्याला एक अशी ६०,००० युनिटची डी-थ्रीची कॅप्सूल सुरू केली, दुसऱ्या कॅप्सूलला पोटावर आणि दंडांवर पित्त उठलं. ती बंद केली. महिनाभराने बी-कॉम्प्लेक्सची कॅप्सूल घेतली, तासाभरात पुन्हा गांधी. मग केशरी रंगाची कॅल्शियमची गोळी, तिसऱ्या दिवशी तेच. डॉक्टर म्हणाले, व्हिटॅमिनची ॲलर्जी नसते. सासूबाई म्हणाल्या, गोळ्या उष्ण पडतात. आणि तुम्ही विचारताय, कुठल्या कंपनीच्या गोळ्या घेतल्या तर सोसतील?

मी फार्मासिस्ट आहे. पहिली सात वर्षं गोळ्या बनवणाऱ्या कारखान्यात ग्रॅन्युलेशन खात्यात, म्हणजे गोळीच्या पावडरीचे दाणे करतात तिथे, काढली, त्यानंतरची एकोणीस सांगलीत स्वतःच्या मेडिकलच्या काउंटरमागे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे निदान करणार नाही. पण गोळीच्या पोटात काय काय जातं ते मी स्वतः तराजूवर तोललंय, आणि ते बाधलेली माणसं रोज समोर उभी असतात. त्या दोन्ही बाजूंनी सांगते.

सुरुवात तुमच्या एका वाक्यापासून. शेवटाकडे जाता जाता तुम्ही लिहिलंय, "एकदा वरचा ओठ जड झाल्यासारखा वाटला, तासाभरात उतरला." तुमच्या सगळ्या मजकुरात माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. नुसती खाज, नुसत्या गांधी असत्या तर मी तुम्हाला घरच्या घरी सावकाश छडा लावायचा रस्ता सांगितला असता. ओठ, पापण्या, जीभ, घसा यांपैकी काही सुजलं असेल, आवाज बसला असेल, दम लागला असेल किंवा चक्कर आली असेल, तर "पुन्हा एकदा घेऊन बघू" हा प्रकार घरात करायचा नाही. पुढच्या वेळी तासाभरात उतरेलच असं नाही. तेव्हा खाली जे सांगतेय त्यातलं शोधाशोधीचं, यादीचं काम तुमचं. घेऊन बघायचं काम ॲलर्जीतज्ज्ञाच्या समोर. आणि मध्येच कधी घसा आवळला, तर गाडी काढून थेट दवाखाना. अंगावरच्या पित्ताची, म्हणजे ॲलर्जीची, गोळी खाऊन वाट बघत बसू नका.

आता डॉक्टरांचं म्हणणं. ते अर्धं बरोबर आहे. तोंडाने घेतलेल्या जीवनसत्त्वाची खरी ॲलर्जी फार क्वचित दिसते. बी-१ आणि बी-१२च्या इंजेक्शनांना तीव्र प्रतिक्रिया आल्याची उदाहरणं आहेत, पण तीही थोडी. मात्र तुम्ही जीवनसत्त्व गिळलं नाहीत, कॅप्सूल गिळलीत. ६०,००० युनिट डी-थ्री म्हणजे वजनाने किती, माहीत आहे? दीड मिलिग्रॅम. चिमटीतही येणार नाही. थायरॉइडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी घ्या, तिच्यात औषध आहे एका मिलिग्रॅमचा विसावा भाग. बाकी जे हाताला लागतं, डोळ्याला दिसतं, ती सगळी भर.

ही भर भेसळ नव्हे. तिच्याशिवाय गोळी होतच नाही. आमच्या खात्यात सकाळची पहिली पाळी सुरू व्हायची ती स्टार्चची खळ शिजवण्यापासून. मोठ्या स्टीलच्या पातेल्यात मक्याचं स्टार्च पाण्यात कालवायचं आणि गुठळी होऊ न देता शिजवायचं, अगदी कापडाला खळ करतात तसं. पारदर्शक झाली की ती औषध आणि लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, यांच्या कोरड्या मिश्रणात ओतायची. मुठीत दाबल्यावर लाडूसारखा गोळा वळला पाहिजे आणि बोटाने टोचल्यावर फुटला पाहिजे, ही आमच्या सुपरवायझरची परीक्षा. मग चाळायचं, वाळवायचं. गोळी पोटात गेल्यावर फुगून फुटावी म्हणून आणखी एक पावडर, यंत्राला चिकटू नये म्हणून मॅग्नेशियम स्टिअरेट, टाल्क. शेवटी कोटिंगच्या फिरत्या पातेल्यात रंगाचा फवारा. त्या रंगात नुसता रंग नसतो. पातळ पापुद्रा धरणारा सेल्युलोजचा प्रकार असतो, पांढरेपणासाठी टायटॅनियम डायऑक्साइड असतं, आणि पापुद्रा तडकू नये म्हणून बऱ्याचदा मॅक्रोगॉल, म्हणजे पॉलिएथिलीन ग्लायकॉल. शिवाय ती स्टार्चची खळ टिकावी म्हणून तिच्यात पॅराबेन टाकायची पद्धत अनेक ठिकाणी आहे. एका साध्या गोळीत आठ-दहा जिन्नस सहज होतात.

आणि स्ट्रिपवर या सगळ्यासाठी काय छापतात? "एक्सिपियंट्स क्यू.एस." एक्सिपियंट्स म्हणजे ही भर, आणि क्यू.एस. म्हणजे लॅटिनमधलं "पुरेल इतकं". आपल्या पाककृतीतलं "मीठ चवीनुसार".

२०१९ साली अमेरिकेत एमआयटी आणि बोस्टनमधल्या संशोधकांनी तिथल्या ४२ हजारांहून जास्त तोंडाने घ्यायच्या औषधांच्या घटकयाद्या तपासल्या. सरासरी गोळीच्या वजनात तीन चतुर्थांश वाटा या भरीचा निघाला. ज्यांची कुणाला ना कुणाला ॲलर्जी किंवा असह्यता असू शकते असा निदान एक घटक सुमारे ९३ टक्के औषधांत होता. लॅक्टोज तर जवळपास ४५ टक्क्यांत. आकडा ऐकून घाबरू नका. "कुणाला तरी बाधू शकतो" आणि "तुम्हाला बाधतोय" यांत फार अंतर आहे. पण निष्क्रिय हा शब्द या घटकांना जरा सैलच लावला गेलाय, हे खरं.

किती सैल, त्याचा आम्हाला कॉलेजात शिकवलेला दाखला ऑस्ट्रेलियाचा. १९६०च्या दशकाच्या अखेरीला तिथे फिट्सवरच्या फेनिटोइनच्या कॅप्सूलमधली भर बदलली. कॅल्शियम सल्फेटच्या जागी लॅक्टोज आलं, औषधाची मात्रा तीच राहिली. आणि स्थिर असलेले रुग्ण झोकांड्या खाऊ लागले, कारण नव्या भरीबरोबर औषध जास्त प्रमाणात रक्तात उतरत होतं. दुसरा दाखला ताजा. २०१७च्या मार्चमध्ये फ्रान्समध्ये थायरॉइडच्या सर्वाधिक खपाच्या गोळीतून लॅक्टोज काढून मॅनिटॉल आणि सायट्रिक ॲसिड घातलं. हेतू चांगला होता, गोळीची ताकद जास्त काळ टिकावी. हजारो लोकांनी थकवा, केस गळणं, चक्कर अशा तक्रारी केल्या, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात जुन्या सूत्राची गोळी तात्पुरती परत आणावी लागली. त्यातल्या किती तक्रारी खऱ्या बदलाच्या आणि किती बदलाच्या धास्तीच्या, यावर तिथे बराच वाद झाला. माझ्या काउंटरवर मी दोन्ही प्रकार बघते. स्ट्रिपचा रंग बदलला म्हणून पोट दुखणारे आहेत, आणि खरंच भर न सोसणारेही आहेत. त्या दोघांना एकाच मापाने मोजणं मला पटत नाही.

बरं, भरीवर आळ घेण्याआधी औषधालाच विचारून घ्यायचं असतं. लोहाच्या गोळीने पोट बिघडतं ते लोहानेच, कोटिंगने नव्हे. झिंक रिकाम्या पोटी घेतलं की मळमळतं. मॅग्नेशियम जास्त झालं की जुलाब होतात. नायसिन म्हणजे बी-३चा एक प्रकार, तो मोठ्या मात्रेत घेतला की अर्ध्या तासात तोंड आणि छाती लालबुंद होते, टोचतं, भाजतं. एका शिक्षिकेने मला तसा फोटो पाठवून "ॲलर्जी" म्हणून विचारलं होतं. मी डबी मागवून बघितली तर परदेशातून आणलेलं ५०० मिलिग्रॅमचं नायसिन. तो त्या औषधाचा स्वभावच आहे. पण नायसिनच्या त्या लालीत अंग तापल्यासारखं होतं, पित्तासारख्या उंच गांधी उठत नाहीत. तुमच्या वर्णनात गांधी आहेत, म्हणून हा संशय मी मागे ठेवते.

दुसरी गोष्ट विचारायची राहते, आणि ती तुम्ही लिहिलेली नाही: गोळी न घेतलेल्या दिवशी कधी पित्त उठलं का? हे मुद्दाम विचारतेय. थायरॉइडचा त्रास जर शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीने केलेला असेल, तर अशा माणसांत कारणाशिवाय वारंवार अंगावर पित्त उठण्याचा आजार इतरांपेक्षा जास्त आढळतो. सहा आठवड्यांच्या वर असं चालू राहिलं तर त्याला जुनाट पित्त धरतात. तसं असेल तर गोळी बिचारी त्या दिवशी हजर होती एवढाच तिचा गुन्हा. शिवाय आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा वेदनाशामकांनी हे पित्त भडकतं. अंग दुखतंय म्हणून व्हिटॅमिन सुरू करणारी माणसं त्याच आठवड्यात वेदनाशामकही घेत असतात, आणि नाव मात्र व्हिटॅमिनचं होतं. त्या तीन वेळांच्या आसपास अशी कुठली गोळी पोटात गेली होती का, ते आठवून बघा.

हे दोन्ही बाजूला पडलं, तर मग भर.

लॅक्टोजचं नाव सगळ्यात आधी घेतलं जातं, इंटरनेटवर तर फारच. तुमच्या बाबतीत ते लगेच सुटतं. दूध न पचणाऱ्याला लॅक्टोजने गॅस, मुरडा, जुलाब होतात, पित्त उठत नाही. आणि मात्रा बघा. एका गोळीत लॅक्टोज साधारण १०० ते ३०० मिलिग्रॅम. चहात ५० मिलिलिटर दूध घातलंत तर सुमारे २,४०० मिलिग्रॅम. म्हणजे एका चहात आठ-दहा गोळ्यांचं किंवा त्याहून जास्त लॅक्टोज तुम्ही बिनबोभाट पिता. दिवसाला दहा-बारा गोळ्या घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचं पोट नाजूक असेल तर मी हा हिशेब पुन्हा मांडीन, एरवी नाही. दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी ही निराळी गोष्ट. ती तीव्र असलेल्यांनी कोरड्या पावडरीचे इन्हेलर आणि लॅक्टोज असलेली काही स्टेरॉइड इंजेक्शनं डॉक्टरांना सांगूनच घ्यावीत, कारण त्या लॅक्टोजमध्ये दुधाच्या प्रथिनाचा अंश असू शकतो.

पोटाचा खरा गुन्हेगार मला जास्त वेळा सापडतो तो सॉर्बिटॉल. आमच्याकडे एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर यायचे, मधुमेही. खोकल्याचं औषध घेतलं की जुलाब, म्हणून त्यांनी प्रत्येक सिरपच्या नावापुढे वहीत फुली मारली होती. नऊ फुल्या. मी त्यांना विचारलं, काका, यातलं साखर घातलेलं एखादं घेतलंत का? नाही, म्हणाले, सगळी शुगर-फ्री. साखर काढली की गोडीसाठी सॉर्बिटॉल येतं. ते आतड्यात नीट शोषलं जात नाही आणि पाणी ओढतं. त्यात त्यांचं अँटासिडही शुगर-फ्री, आणि खिशात चघळायच्या बिनसाखरेच्या गोळ्या. सगळं एकत्र पोटात. नऊ औषधं बदनाम झाली, गुन्हेगार एकच.

ही गोष्ट तुम्हाला सांगायचं कारण ती वही. तिच्यात फक्त बाधलेल्यांची नावं होती. तुम्हीही तशीच यादी पाठवली आहे. पण तपास पुढे सरकतो तो सोसलेल्यांच्या यादीने. जी गोळी तुम्ही वर्षानुवर्षं बिनत्रास घेताय तिच्यातला प्रत्येक घटक आरोपींमधून सुटतो, निदान तेवढ्या मात्रेपुरता तरी. बाधलेल्या औषधांतून संशयित मिळतात. सोसलेल्यांतून ते एकेक करून घरी पाठवता येतात. त्यामुळे मी ग्राहकाला सांगते: गेल्या दोन वर्षांत बिनतक्रार पोटात गेलेलं प्रत्येक औषध आणा. तापाची गोळी, ॲसिडिटीची, मुलाच्या लग्नात घेतलेली जुलाबाची, सगळं.

तुमचीच यादी घेऊन बघू. सोसलेल्यांत थायरॉइडची गोळी, आणि तुम्ही ओघात म्हणताय ती पॅरासिटामॉल. दोन्हींच्या भरीत मक्याचं स्टार्च, मॅग्नेशियम स्टिअरेट, टाल्क असण्याची शक्यता मोठी. हे बहुधा सुटले. नक्की म्हणता येईल ते कंपनीकडून यादी आल्यावर. बाधलेल्यांत डी-थ्रीची मऊ कॅप्सूल. तिचं कवच जिलेटिनचं, आत बऱ्याचदा सोयाबीनचं तेल, कवचात पॅराबेन आणि रंग. बी-कॉम्प्लेक्सचं कवचही जिलेटिनचं आणि रंगीत. कॅल्शियमची गोळी मात्र कॅप्सूल नाही, तिच्यात जिलेटिनचं कवच नाही, पण ती केशरी आहे. म्हणजे तिन्हींत उघड समान दिसतोय तो रंग. जिलेटिन आणि सोयाबीन तूर्त दुसऱ्या रांगेत. आधी कधी जेली, मार्शमेलो, सोया चंक्स खाऊन काही झालं नसेल तर ते आणखी मागे जातील.

केशरी-पिवळ्या गोळ्यांत नेहमी भेटणारी दोन नावं: टार्ट्राझिन आणि सनसेट यलो. खाण्याच्या पाकिटांवर हेच आयएनएस १०२ आणि आयएनएस ११० अशा खाद्य-घटकांच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकांनी येतात. काही लोकांना, विशेषतः आधीच पित्त उठायची सवय असलेल्यांना, यांनी त्रास होऊ शकतो. पण लोकांना वाटतं त्यापेक्षा हे बरंच कमी घडतं. मीही पूर्वी रंग दिसला की रंगालाच धरायचे, आता नाही धरत. कारण गोळीवरचं कोटिंग तिच्या वजनाच्या दोन ते चार टक्के, आणि त्यातला रंग हा आणखी छोटा हिस्सा. उलट मिठाईत हे रंग किलोमागे १०० मिलिग्रॅमपर्यंत चालतात. पाव किलो केशरी मिठाई घरात चौघांनी संपवली तर प्रत्येकाच्या पोटात गोळीपेक्षा जास्त रंग जाऊ शकतो. म्हणून तुम्हाला माझा पुढचा प्रश्न औषधाचा नाही, खाण्याचा आहे. दिवाळीत केशरी बुंदी, ऑरेंज गोळ्या, आमरसाच्या नावाखाली मिळणारं पिवळंजर्द आइस्क्रीम खाल्लंत तेव्हा अंगावर काही उठलं का? कधीच नाही, असं उत्तर असेल तर रंगावरचा माझा संशय निम्म्याने उतरेल. (कोपऱ्यावरच्या जिलेबीत परवानगी असलेलाच रंग असतो असं नाही. त्यामुळे तिची साक्ष मी धरत नाही.)

आता लेबल कसं वाचायचं, कारण इथे आपल्याकडे एक गंमत आहे. एकाच फळीवर ठेवलेल्या दोन व्हिटॅमिनच्या पाकिटांना दोन वेगळे कायदे लागू असतात. एकावर औषधाचा उत्पादन परवाना क्रमांक असतो, ते औषध. दुसऱ्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी क्रमांक आणि हिरवा ठिपका किंवा तपकिरी त्रिकोण असतो, ते कायद्याने खाद्य. खाद्य असलेल्यावर सगळे घटक, आयएनएस क्रमांकासकट, छापावे लागतात. औषधाच्या स्ट्रिपवर मात्र सहसा मुख्य घटक, फार तर रंगाचं नाव, आणि ते "चवीनुसार". कॅप्सूलवर तर "रिकाम्या कॅप्सूलच्या कवचात मान्यताप्राप्त रंग वापरले आहेत" इतकंच इंग्रजीत लिहून मोकळे होतात. कुठले, ते गुलदस्त्यात. ऑगस्ट २०२३ पासून खपाच्या ३०० ब्रँडवर जो क्यूआर कोड आला, त्यात बॅच, उत्पादक, तारखा, परवाना क्रमांक हे मिळतं, भरीची यादी तेव्हाच्या नियमात मागितलेली नव्हती. म्हणून तुमच्यासारख्या माणसाला, निवड करायची वेळ आलीच तर, पूर्ण यादी छापलेलं एफएसएसएआयचं उत्पादन तपासाला सोपं पडतं. ते जास्त चांगलं असतं असं मी म्हणत नाही, फक्त उघडं असतं.

औषधाच्या स्ट्रिपची माहिती हवी तर कंपनीला ईमेल करायचा. ग्राहक क्रमांकावरच्या मुलीला हे माहीत नसतं, तिच्याशी भांडू नका. "मला प्रतिक्रिया आली आहे, अमुक बॅचच्या निष्क्रिय घटकांची गुणात्मक यादी वैद्यकीय विभागाकडून हवी" असं लिहा. गुणात्मक म्हणजे नावं हवीत, मात्रा नकोत. मात्रा हे त्यांचं गुपित, नावं सांगायला बहुतेक तयार होतात. उत्तराला दोन-तीन आठवडे लागतात. तुमचे कुणी युरोपात असतील तर त्यांचं काम सोपं आहे, तिथे गोळीबरोबरच्या कागदात सहाव्या भागात सगळे घटक दिलेले असतात. ते कागद इथल्या गोळीला लावू नका, नाव तेच असलं तरी भर वेगळी असू शकते.

आणि म्हणूनच "कुठली कंपनी" याचं उत्तर मी देत नाही. स्ट्रिपच्या मागे बघा, "मार्केटेड बाय" एक असतं आणि "मॅन्युफॅक्चर्ड बाय" दुसरं. दोन नावाजलेल्या ब्रँडच्या गोळ्या एकाच कारखान्यातून निघालेल्या मी पाहिल्यात, आणि एकाच ब्रँडच्या गोळ्या सहा महिन्यांच्या अंतराने दोन कारखान्यांतून. आज सोसलेली कंपनी पुढच्या वर्षी सोसेलच असं कोण सांगणार? घटकाचं नाव हाती लागलं तर ते आयुष्यभर कामाला येतं.

एका संशयिताबद्दल थोडं गंभीरपणे. मॅक्रोगॉल, तेच वर सांगितलेलं पॉलिएथिलीन ग्लायकॉल. याची ॲलर्जी दुर्मीळ आहे, पण असते तेव्हा तीव्र असू शकते, आणि ती ओळखायला वर्षं जातात, कारण ते इतक्या वेगवेगळ्या जागी असतं. बद्धकोष्ठाची पावडर, कोलोनोस्कोपीच्या आधीचं पोट साफ करायचं औषध, सांध्यात देतात ती काही स्टेरॉइड इंजेक्शनं, आणि गोळ्यांचं कोटिंग. एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या औषधांना मिनिटांत प्रतिक्रिया येत असेल तर डॉक्टरांपुढे हे नाव काढा. तुमच्या कॅल्शियमच्या गोळीला कोटिंग आहे, त्यामुळे हे नाव मी यादीतून खोडलेलं नाही. पित्तावर तुम्ही जी गोळी घेतलीत तिलाही कोटिंग असेल, तिच्याने त्रास वाढला होता का तेही लिहून ठेवा. खाजेची गोळी स्वतः रंगीत निघाल्याचे विनोद आमच्या धंद्यात होतात.

लोक काय काय करतात तेही सांगते, म्हणजे तुम्ही करणार नाही. रंग ओल्या फडक्याने पुसून गोळी घेणं. कॅप्सूल फोडून आतली पावडर मधातून चाटणं. काही औषधांना ते चालतं, पण एसआर, ईआर, सीआर लिहिलेली, म्हणजे हळूहळू औषध सोडणारी, किंवा आतड्यात विरघळायची गोळी फोडली तर दिवसभराचा डोस एकदम सुटतो किंवा औषध पोटातल्या आम्लात मरतं. आणि संशयाच्या भरात थायरॉइडची गोळी बंद करू नका. तीच तर तुमची सगळ्यात भक्कम साक्षीदार आहे. तिचा ब्रँडही आत्ता बदलू नका. आठ वर्षं जुळलेली गोष्ट तपास चालू असताना हलवली तर पुढचं काहीच कळणार नाही.

बाजारात ८-१० हजारांची "फूड ॲलर्जी पॅनेल" करून मिळतात. तुमच्या प्रश्नासाठी ती करू नका. रंगांच्या ॲलर्जीसाठी भरवशाची रक्ततपासणी नाही. तज्ज्ञाच्या देखरेखीखाली थोड्या थोड्या मात्रेने देऊन बघणं हाच मार्ग. काही घटकांसाठी त्वचेवरची चाचणी करतात, तिच्याआधी पित्ताची गोळी काही दिवस थांबवावी लागते. किती दिवस ते तेच सांगतील.

हे सगळं होईपर्यंत व्हिटॅमिनचं काय? तुमचं ड आणि बी-१२ किती कमी आहे त्यावर अवलंबून. आकडे तुम्ही दिले नाहीत. किंचित कमी असेल तर महिना-दोन महिने थांबल्याने काही बिघडत नाही, आणि मी विकणारी असून सांगते, माझ्या काउंटरवरून जाणाऱ्या व्हिटॅमिनपैकी बरीच कुणाच्याच गरजेची नसतात. बी-१२ खूपच खाली असेल, हातापायांना मुंग्या येत असतील, तर मात्र थांबू नका. डॉक्टरांना विचारून बिनरंगाची, बिनकोटिंगची बी-१२ची गोळी किंवा इंजेक्शन, आणि पहिला डोस दवाखान्यात बसून, अर्धा-पाऊण तास थांबून. इंजेक्शनातही बेंझाइल अल्कोहोलसारखं टिकवण्याचं द्रव्य असू शकतं, तेव्हा बाटलीवरचं वाचायला सांगा. डी-थ्री पावडरच्या पाकिटातही मिळतं, पण त्यात साखर, वास आणि कधी रंगही असतो. पाकीट म्हणजे आपोआप सुरक्षित, असं समजू नका. एका वेळी एकच नवी वस्तू, आणि अंग पूर्ण शांत झाल्यावरच.

प्रतिक्रियेची नोंदही करा. भारताच्या औषध-दक्षता कार्यक्रमाचा विनाशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे, रुग्ण स्वतः कळवू शकतो. डॉक्टरांनी "व्हिटॅमिनची ॲलर्जी नसते" म्हटलं म्हणून नोंद करायची नाही असं काही नाही.

आता तुमच्याकडून मला हवंय ते असं. तिन्ही बाधलेल्या औषधांच्या स्ट्रिपचे मागच्या बाजूचे फोटो, बॅच नंबर वाचता येईल असे. थायरॉइडच्या बाटलीचा आणि पॅरासिटामॉलचा तसाच फोटो. प्रत्येक वेळी गोळी किती वाजता घेतली, पित्त किती वाजता उठलं, त्या दिवशी दुसरं काय खाल्लं किंवा घेतलं. आणि ओठ जड झाला तो नेमका कुठल्या गोळीच्या वेळी, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ते आठवत नसेल तर घरात कुणाला आठवतंय का विचारा, सासूबाईंना तर नक्की विचारा. उरलेल्या केशरी गोळ्या कचऱ्यात टाकू नका. स्ट्रिपसकट एका पिशवीत घालून, वर तारीख लिहून, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा. तज्ज्ञ पहिल्या भेटीत तीच मागतील.